वर्ध्याहून लिहिलेले पत्र आणि आपली कलादालने

महोदय,

राजकीय विचारांवर आधारलेली म्हणून जाहीर होणारी दृश्यकलेची प्रदर्शने मी गेली काही वर्षे आवर्जून पाहतो आणि बहुतेक वेळा एकच तक्रार मनात घेऊन बाहेर पडतो. विचार दालनाच्या भिंतीवरील निवेदनात असतो, कलाकृतीत मात्र तो शोधूनही सापडत नाही. फुले, गांधी किंवा आंबेडकर यांचे एखादे वचन मोठ्या अक्षरांत लावायचे आणि शेजारी त्यांचे व्यक्तिचित्र टांगायचे, की प्रदर्शन वैचारिक झाले, अशी समजूत रूढ होऊ पाहते आहे.

मुंबईचे चित्रकार जितीश कल्लाट यांचे 'कव्हरिंग लेटर' (२०१२) हे मांडणीशिल्प मला या संदर्भात फार मोलाचे वाटते. गांधीजींनी २३ जुलै १९३९ रोजी वर्ध्याच्या पत्त्यावरून हिटलरला लिहिलेले छोटेसे पत्र त्यात अंधाऱ्या दालनात वरून खाली उतरणाऱ्या धुक्याच्या पडद्यावर उमटते. पडदा ओलांडून पलीकडे जाणाऱ्याच्या अंगावर अक्षरे क्षणभर पसरतात आणि विरून जातात. मानवजातीला रानटी अवस्थेत लोटू शकणारे युद्ध टाळणे आज केवळ तुमच्या हाती आहे, असे हिटलरला सांगणारे, मायन्यातच त्याला मित्र म्हणणारे आणि लिहिण्यात चूक झाली असल्यास त्याची क्षमा गृहीत धरणारे हे पत्र ब्रिटिश सरकारने पुढे जाऊच दिले नाही. त्यानंतर ४० दिवसांनी जर्मन फौजा पोलंडमध्ये शिरल्या. शत्रूलाही मित्र म्हणूनच हाक मारायची, ही अहिंसेची मूळ अट आणि ती किती भाबडी वाटू शकते ही शंका, दोन्ही त्या विरणाऱ्या अक्षरांत एकाच वेळी जाणवतात. गांधीजींची थोरवी सांगणाऱ्या फलकातून हा पेच प्रेक्षकापर्यंत पोचला नसता. याच चित्रकाराने २००३ मध्ये पंडित नेहरूंचे १५ ऑगस्टच्या मध्यरात्रीचे भाषण आरशांवर जळक्या अक्षरांत उतरवले होते. ते वाचू पाहणाऱ्याला आपलाच चेहरा वेडावाकडा दिसतो.

गांधीजींच्या १५० व्या जयंतीनिमित्त २०१९ मध्ये व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनाच्या भारतीय दालनात 'कव्हरिंग लेटर'सोबत चित्रकार नंदलाल बोस यांचे काँग्रेसच्या हरिपुरा अधिवेशनासाठी (१९३८) रंगवलेले काही चित्रफलकही होते. ही निवड मला नेमकी वाटली. हरिपुऱ्याच्याही आधी, डिसेंबर १९३६ मध्ये, आपल्या खानदेशातील फैजपूरला काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. गांधीजींच्या सांगण्यावरून नंदलालबाबूंनी तेथील सजावट बांबूसारख्या, गावातच मिळणाऱ्या साहित्यातून केली होती. ग्रामस्वराज्याची कल्पना तेथे बांधकामातच उतरली होती आणि अधिवेशनाला आलेल्या शेतकऱ्याला ती समजण्यासाठी शेजारी निवेदन वाचावे लागत नव्हते. (आज फैजपूरच्या जळगाव जिल्ह्यातील किती कलाविद्यार्थ्यांना हे शिकवले जाते, हा प्रश्न वेगळ्या पत्राचा आहे.)

आता भाषेविषयी. मुंबईतील एका दालनात जोतीरावांचा मूळ मराठी मजकूर केवळ इंग्रजी अनुवादात लावलेला मी पाहिला. मूळ उतारा कोठे आहे, असे विचारल्यावर तेथील कर्मचाऱ्याने नम्रपणे सांगितले की येथे येणारे लोक इंग्रजीच वाचतात. मराठीत लिहिल्या गेलेल्या विचाराची मराठी वाचकाशी अशी ताटातूट होत असेल, तर ते प्रदर्शन नेमके कोणासाठी भरवले आहे, हे आयोजकांनी एकदा स्पष्ट करावे.

राज्य शासनाच्या सांस्कृतिक कार्य विभागाला आणि खासगी दालनांना माझी विनंती आहे की अशी प्रदर्शने मुंबईपुरती न ठेवता वर्धा आणि जळगाव येथेही न्यावीत आणि प्रत्येक कृतीशेजारी तिची माहिती व संबंधित मूळ मजकूर मराठीत द्यावा. धुक्याच्या पडद्याला यंत्रणा लागते, खर्च येतो, हे मान्य आहे. मराठीत छापलेल्या एका कागदाला मात्र तेवढा खर्च येत नाही.

आपला,
एक वाचक, नागपूर