सूचना : उत्सवकाळातील कार्यक्रमांसाठी बेस गिटारवादक सभासदांस

गणेशोत्सव व नवरात्रातील ऑर्केस्ट्रा कार्यक्रमांना जाणाऱ्या सर्व बेस गिटारवादक सभासदांनी पुढील बाबींची नोंद घ्यावी, ही विनंती.

उघड्या मंडपात वीज बहुधा जनरेटरवरून घेतलेली असते; त्यामुळे अर्थिंग योग्य असल्याची खात्री तेथील वायरमनकडून करून घेतल्याशिवाय कोणीही अँप्लिफायर जोडू नये. तारांवर हात असताना ओठ माइकला टेकल्यावर बसणारा झटका ही थट्टेची गोष्ट नव्हे. स्पीकरमधून गुणगुण येत असल्यास डीआय बॉक्सवरील (गिटारचा सिग्नल मिक्सरकडे पाठवणाऱ्या पेटीवरील) ग्राउंड लिफ्टचे, म्हणजे सिग्नलच्या केबलमधील ग्राउंडची जोडणी तोडणारे, बटण वापरावे, परंतु ती थांबवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढण्याचा, दुर्दैवाने अजूनही प्रचलित असलेला, उपाय कदापि करू नये.

ज्यांच्या गिटारमध्ये ॲक्टिव्ह (बॅटरीवर चालणारे) सर्किट आहे, त्यांनी 9 व्होल्टची नवी बॅटरी जवळ बाळगावी आणि साउंड चेक संपताच केबल गिटारमधून काढावी, कारण बहुतेक गिटारमध्ये केबल जोडलेली असेपर्यंत बॅटरी खर्च होत राहते.

चार तारांच्या बेसच्या सर्वांत जाड तारेचा स्वर सुमारे 41 हर्ट्झचा असतो व पोकळ लाकडी रंगमंचावर तो घुमतो. म्हणून अँप्लिफायर जमिनीपासून उचलून ठेवावा आणि प्रेक्षकांपर्यंतचा आवाज ध्वनिसंयोजकावर सोपवावा.

विशेष परवानगीचे दिवस वगळता रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपकास मनाई असल्याने गाण्यांचा क्रम तसा आखावा. जास्तीची केबल आणि तारांचा एक संच प्रत्येकाने स्वतःचा आणावा.