सिक्स गेला, पण चेंडू कोण आणतं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्याची सुट्टी लागली की खानदेशात गावोगाव टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा रंगतात. बक्षिसाची रक्कम, पाहुण्यांचे सत्कार, सगळं पेपरात येतं. चेंडू आणायला धावणारी पोरं मात्र ना बातमीत असतात, ना आयोजकांच्या हिशेबात.

त्यांना कुणी नेमलेलं नसतं. पोरं मॅच बघायला येतात, माइकवरून 'ए पोऱ्या, पटकन बॉल लई ये रे' अशी हाक येते आणि दिवसभराची ड्यूटी लागते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. खेळाडूंना मांडव आणि थंड पाण्याचे जार. ही पोरं बाभळीच्या काट्यांत, नाल्यात, केळीच्या बागेत, कधी अनवाणी. सगळ्यात धास्ती वाटते ती रस्त्याला लागून असलेल्या मैदानांची. पोराची नजर चेंडूवर असते, वाळूचा डंपर त्याला दिसत नाही.

मोठ्या खेळात हे काम शिकवलं जातं. विम्बल्डनला सुमारे २५० शाळकरी मुलं-मुली निवडून घेतात. चेंडू कसा घरंगळत द्यायचा, कुठे न हलता उभं राहायचं, याचा महिनोन्‌महिने सराव होतो. फुटबॉलमध्ये २०१९ च्या चॅम्पियन्स लीग उपांत्य फेरीत लिव्हरपूलने बार्सिलोनाला ४-० हरवलं. त्यातल्या चौथ्या गोलाआधी १४ वर्षांच्या बॉलबॉयने झटकन चेंडू पुरवला, कॉर्नर (मैदानाच्या कोपऱ्यातून मारायची किक) लगेच मारला गेला आणि बार्सिलोनाचे बचावपटू बघतच राहिले. उलटंही घडतं. २०१३ मध्ये स्वान्सीच्या मैदानावर बॉलबॉय चेंडू सोडेना, चेल्सीच्या हॅझार्डने लाथ मारली आणि लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. आपल्याकडेही गावची टीम जिंकत असली की चेंडू सापडायला उशीर लागतोच, तो भाग वेगळा!

१९८७ च्या विश्वचषकात वानखेडेवरच्या भारत-इंग्लंड उपांत्य सामन्यात सचिन तेंडुलकर बॉलबॉय होता, हे आपण कौतुकाने सांगतो. पण यातून उद्याचा सचिन निघेल म्हणून पोरांना जपा, असं माझं म्हणणं नाही. पोरगं पुढे कांद्याचा व्यापार करेल, तरी आज त्याला पाणी लागतंच.

आयोजक एन्ट्री फी घेतात, प्रायोजकांचे फलक लावतात. त्यातून या पोरांना टोप्या, पाणी, दुपारचं जेवण आणि दिवसाचे थोडे पैसे सहज देता येतील. पाळ्याही लावाव्यात. पंचांकडे चार-पाच जादा चेंडू असले तर प्रत्येक सिक्सला जीव टाकून पळावं लागणार नाही. ट्रॉफीपुढे चेंडूंचा खर्च तो किती! आणि रस्त्याच्या बाजूला मोठा माणूस उभा करावा, चेंडू त्यानेच आणावा. तेवढाही माणूस मिळत नसेल, तर त्या मैदानावर स्पर्धा भरवू नये.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, भुसावळ