मंत्रिमहोदय, मंजूर नकाशात पत्र्याची शेड का नसते?

माननीय नगरविकास मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी दापोली तालुक्यात घरांचे नकाशे काढून देणारा परवानाधारक अभियंता आहे. परवानग्या उशिरा मिळतात ही रड आपल्या कानावर रोजच येत असणार, ती पुन्हा गात नाही. माझे गाऱ्हाणे परवानगी हातात पडल्यानंतरचे आहे.

हर्णे, आंजर्ले, केळशी, कुठल्याही वाडीत उभे राहून जरा वर बघा. आरसीसी स्लॅब, त्यावर लोखंडी पाइपांचे खांब आणि त्यावर निळा नाहीतर लाल पत्रा. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. सपाट स्लॅब चार पावसाळ्यांत गळू लागतो आणि वर शेड चढते. हे मालकाला पायाखोदाईच्या दिवसापासून ठाऊक असते, गवंड्याला असते, नकाशा तपासणाऱ्यालाही असते. तरी मंजूर नकाशात शेड नसते. नकाशात नाही, म्हणून वाऱ्याला ती कशी तोंड देणार याचे गणित कुणी मांडत नाही. फॅब्रिकेटर येतो, स्लॅबवर प्लेट ठेवून चार फास्टनर ठोकतो, वर पाइप वेल्ड करतो आणि संध्याकाळी पैसे घेऊन जातो. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला धडकले, तेव्हा दापोली-मंडणगडातल्या छपरांचे काय झाले ते आपल्या सरकारी पंचनाम्यांत आहे. नंतर नवे पत्रे आले. ते ठोकले मात्र त्याच पद्धतीने.

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. काँक्रीट बांधकामाचे भारतीय मानक 456 सांगते की किनारी हवेत उघड्या राहणाऱ्या काँक्रीटची प्रत, म्हणजे मजबुतीची श्रेणी, किमान एम-30 हवी आणि सळईवर 45 मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळई झाकणारा काँक्रीटचा थर हवा. यामागचे कारण साधे आहे. खारी हवा काँक्रीटच्या छिद्रांतून सळईपर्यंत पोचते, सळई गंजते, गंज फुगतो आणि खालचा थर फोडून बाहेर पडतो. साइटवर काय चालते? घमेल्याच्या मापाने माल कालवतात, ओतायला सोपा जावा म्हणून वरून आणखी पाणी मारतात आणि कव्हर ब्लॉकऐवजी सळईखाली खडीचा तुकडा सरकवतात. माल ओतताना तोही निसटतो. पंधरा वर्षांत माजघराच्या छताचे पोपडे जेवणाच्या ताटात पडू लागतात. सामासिक अंतर, म्हणजे घराभोवती मोकळी सोडायची जागा, वीतभर कमी भरले तर फाइल परत येते, सळईवर किती कव्हर सोडले हे मात्र कुणीही विचारत नाही.

2020 च्या डिसेंबरात आपल्या खात्याने मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रे वगळून राज्याला एकच विकास नियंत्रण नियमावली दिली. ते चांगलेच झाले. त्याआधी गाव बदलले की नियम बदलत. छोट्या भूखंडांना त्यात झटपट परवानगीही आहे. पण झटपट म्हणजे अभियंत्याच्या सहीवर भिस्त. आम्हा सहीवाल्यांतले किती जण स्लॅबच्या दिवशी साइटवर असतात, हे एकदा तपासाच. माझ्या व्यवसायबंधूंना हे रुचणार नाही.

समुद्रालगतच्या घरांची गत आणखी वेगळी. केंद्राच्या 2019 च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेनुसार, वर्ग 2 (आधीच वसलेला शहरी भाग) आणि 3 (ग्रामीण भाग) मध्ये नियमांत बसणाऱ्या 300 चौरस मीटरपर्यंतच्या स्वतःच्या राहत्या घराला स्थानिक प्राधिकरणच मंजुरी देऊ शकते; राज्याच्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची शिफारस लागत नाही. पण सीआरझेड हा शब्द ऐकला की टेबलावरचा माणूस हात आखडता घेतो. आधीच सातबाऱ्यावर मुंबईतल्या डझनभर सहहिस्सेदारांची नावे, त्यांच्या संमतीसाठी केलेल्या वाऱ्या, त्यात ही टोलवाटोलवी. कंटाळलेला माणूस मग ‘दुरुस्ती’ म्हणून जुने घर पाडून नवे उभे करतो. नकाशा नाही, अभियंता नाही, सगळे सेंट्रिंगवाल्याच्या अंदाजावर. नेमके लाटांच्या तोंडावरचे घर सर्वांत कच्चे राहते ते असे.

आपल्याकडे नव्या कायद्याची मागणी नाही. किनारी तालुक्यांसाठी नकाशासोबत एक पान सक्तीचे करावे: काँक्रीटची प्रत, कव्हर, आणि शेड किंवा उतरते छप्पर स्लॅबला वा भिंतीला कसे बांधणार त्याचा तपशील. ज्याला वर शेड हवी, त्याला ती पहिल्याच नकाशात दाखवू द्यावी. जोते तपासणीसारखी सळई बांधून झाल्यावर, माल ओतण्याआधी एक तपासणी व्हावी. त्यासाठी तालुक्याला एक तरी अभियंता द्या, ज्याच्याकडे दुसरे काम नसेल. आणि 300 चौरस मीटरच्या तरतुदीबद्दल स्थानिक कार्यालयांना मराठीत, नि:संदिग्ध लेखी सूचना पाठवावी. 

दसरा झाला की आमच्या चिरेखाणी सुरू होतात, दिवाळीनंतर जोती उठतात आणि स्लॅब मे महिन्यापर्यंत पडत राहतात. परिपत्रक दसऱ्याआधी निघाले, तर याच हंगामातल्या घरांना लागू पडेल.

आपला,
दापोली तालुक्यातील एक परवानाधारक अभियंता