वडोद्याच्या दांडिया बाजारातल्या काकूंना, मोज्यांच्या सात जोड्यांबद्दल थँक्यू

काकू,

बोर्निओहून येऊन आठवडा झाला आणि तुमच्याकडे अजून आले नाही, आधी सबमिशन मग ताप (साधा व्हायरल, घाबरू नका), म्हणून इथेच सगळ्यांसमोर लिहिते. सरांचे, स्पॉन्सरवाल्यांचे आभार ग्रुप फोटोसकट मानून झाले, तुमचं नाव कुठेच नाही, ते खुपतंय मला.

जायच्या चार दिवस आधी किट लिस्ट घेऊन रडकुंडीला आले होते ना, लीच सॉक्स पाहिजेत, ऑनलाइनचं पार्सल वेळेत येत नाही, आम्ही सात जण. तुम्ही शांतपणे म्हणालात, अगं जळू ती, मोज्याच्या विणीतून आत घुसते, घट्ट कापड पाहिजे. मग मांजरपाट धुवून आटवून घेतलात, माझाच पाय पेपरवर ठेवून बेतलंत, टाचेला डबल शिलाई, गुडघ्याखाली नाडी. लाइट गेली तरी तुमचं पायमशीन चालूच!

तर ऐका. बोर्निओच्या मलेशियातल्या भागात, साबाहमध्ये, किनाबाटांगन नदीवर होतो, 560 किमी लांब आहे ती. संध्याकाळी बोटीतून लांब नाकवाली प्रोबोसिस माकडं मोजायची, ही फक्त बोर्निओतच असतात आणि झोपायला नदीकाठच्या झाडांवर येतात म्हणून मोजणी त्याच वेळी. नदीत मगरी, बाकीचे टरकले आणि आम्ही विश्वामित्री नदीकाठचे बिनधास्त, 2024 च्या पुरात घरापर्यंत आलेल्या मगरी पाहिलेत म्हणून शायनिंग मारत पाण्यात हात घातला तर बोटवाल्याने असं झापलं की विचारू नका, तिथली जात खाऱ्या पाण्यातली, आपल्या मगरीपेक्षा कितीतरी मोठी. आणि काकू, काठची जंगलाची पट्टी संपली की मागे नुसता तेलताड. आपल्या वेफरच्या पुडीमागे पाम तेल लिहिलेलं असतं ना, तेच झाड.

सकाळी जंगलात ओरांगउटानची घरटी मोजायची. तो बहुतेक रोज नवं बांधतो, म्हणून स्वतः दिसला नाही तरी घरट्यांवरून अंदाज लावता येतो. आम्ही माना वर करून घरटी शोधतोय आणि खाली जळवा पानाच्या टोकावर अंग ताणून तयारच. पण पांढऱ्या मांजरपाटावर लगेच दिसायच्या, टिचकी मारली की खलास. दुसऱ्या ग्रुपचा एक मुलगा साध्या मोज्यांवर आला होता, त्याचं रक्त थांबेचना, जळूच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं म्हणे. तो विचारतोय हे सॉक्स कुठल्या ब्रँडचे, मी म्हटलं दांडिया बाजार.

पैसे घेतले नाहीत, माकडाचा फोटो आण म्हणालात. प्रिंट काढलाय, रविवारी आणते. नाक बघून हसू नका, नराचं असंच असतं. आणि एका जोडीची नाडी तुटलीये, ती बदलून द्या, ज्युनिअर्सना पण शिवून पाहिजेत, कापड मंगळबाजारातून मीच आणीन, पण या वेळी शिलाई घ्यायचीच.

तुमची, वरच्या मजल्यावरची