औषध देणे म्हणजे पाकीट हातात ठेवणे नव्हे

महोदय,

फार्मासिस्ट म्हणजे चिठ्ठी वाचून गोळ्या काढून देणारा, हा समज अजून घट्ट आहे. माझाही होता. आईला संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट सुरू झाले, तेव्हा चिठ्ठीवर चुकून 'रोज एक' लिहिले गेले. काउंटरवरच्या ताईंनी ती दोनदा वाचली, आईला आजार विचारला आणि तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. संधिवातात हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज घेतले तर रक्तपेशी घटून जिवावर बेतू शकते. ताईंनी पाकिटावर ठळक अक्षरांत 'फक्त सोमवारी' लिहिले आणि आईकडून ते वदवूनही घेतले.

थायरॉइडची गोळी उपाशीपोटी का, कॅल्शियमची गोळी तिच्यापासून ४ तास लांब का, रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून दिले जाणारे वॉरफरिन चालू असताना साधी वाटणारी वेदनाशामक गोळीही रक्तस्राव का घडवू शकते, हे सगळे या माणसांना गर्दीत, उभ्याउभ्या पडताळावे लागते. आणि आपण? 'लवकर द्या हो' म्हणून मागे लागतो. मीही लागायचो, याचे आज वाईट वाटते.

२५ सप्टेंबरला जागतिक फार्मासिस्ट दिन असतो. आंतरराष्ट्रीय औषधनिर्माण महासंघ १९१२ मध्ये याच तारखेला स्थापन झाला. त्या दिवशी शुभेच्छा जरूर द्याव्यात. पण औषध समजावून सांगायला फार्मासिस्टला पुरेसा वेळ आणि काउंटरपासून बाजूला, चारचौघांच्या कानांपासून दूर, थोडी जागा मिळायला हवी. संकोचापायी न विचारलेले कितीतरी प्रश्न तिथे विचारले जातील.

– एक वाचक