दिवो पालय रे

अस्नोडा,
१९ जुलै

प्रिय बाब्या,

चार महिने पत्र नाही, आणि माई गेल्याचं तुला दुसऱ्याच्या तोंडून कळलं. आधी चार शिव्या घालून घे, मग पुढचं वाच. तब्येत ठीक. साखर होती तिथेच आहे.

झोप मात्र गेली. परवा रात्री अडीचला पाणी प्यायला उठलो. पाऊस थांबलेला, नुसत्या पागोळ्या वाजत होत्या. वसरीत दिवा चालू, आणि खिडकीच्या काचेत एक म्हातारा मान पुढे काढून माझ्याकडे बघतोय. डोळ्यांच्या जागी दोन खड्डे. दचकलो, मग ओळखलं. नॉर्वेच्या मुंकच्या चित्रातला तो रात्री भटकणारा! पणजीला आल्तिनोच्या लायब्ररीत ज्याच्यावरून आपली जुंपली होती तोच. मी एकटेपणा, अस्तित्व असलं काहीतरी झाडत होतो आणि तू म्हणालास, "हा म्हातारा पडदे का लावत नाही?" तीन दिवस अबोला धरला होता मी.

काल पुस्तक काढून चित्र पुन्हा पाहिलं. १९२३-२४ चं, म्हणजे मुंक साठीचा. ओस्लोबाहेर एकेलीच्या घरात एकटाच, झोपेच्या नावाने शंख. आणि बाब्या, त्या चित्रात काळोख आहे कुठे? आहे तो खिडक्यांबाहेर, निळा-काळा. आत दिवा लागलाय! डोळ्यांतले खड्डे त्या उजेडानेच पाडलेत. वरून पडला की भुवयांखाली सावली साचते. आणि मी तीस वर्षं रात्र म्हटली की काळा रंग ओततोय.

माईला उगाच जळणारा दिवा खपायचा नाही. आतून हाक यायची, "दिवो पालय रे!" आता कोण ओरडणार? रात्रभर जळतो. बिल आलं तेव्हा कळलं.

पण खरी टोचणी वेगळीच. तो म्हातारा ओळखल्यावर मी पहिल्यांदा काय केलं असेल? स्केचबुक शोधलं. माई आठवलीच नाही, सावली नाकापर्यंत उतरते की नाही तेवढंच बघत होतो. याला काय म्हणायचं? ताईला सांगितलं तर डॉक्टरकडे नेईल.

मुंक चित्रं बर्फापावसात उघडी टाकायचा. इथे एका आषाढात त्यांच्यावर अळमी उगवली असती! माझे कॅनव्हास कपाटात राहून हिरवे झालेत.

आणि हो, ती काच. शिंपल्यांची तावदानं काढू नकोस म्हणून तू घसा कोरडा केला होतास. शिंपल्यातून उजेड येतो, तोंड दिसत नाही. जिंकलास. जुन्या चौकटी काल माळ्यावरून उतरवल्या. निम्म्याहून जास्त शिंपल्या शाबूत आहेत.

पोरीचं कुठवर आलं? वहिनींचा गुडघा? नव्या जागेत पाणी येतं ना?

चतुर्थीला ये. एक खिडकी तुझ्या हाताने बसव. वसरीतली तेवढी राहू दे, स्केच अजून पुरं झालेलं नाही.

तुझा,
दादू