पॅकेजिंग हेही लायब्ररीचेच काम

महोदय,

पायथन भाषेतून सी प्लस प्लस किंवा रस्ट या भाषांमधला कोड चालवणाऱ्या लायब्रऱ्यांचे (तयार कोडच्या संचांचे) कौतुक होते ते त्यांच्या वेगासाठी. मात्र त्या दुसऱ्याच्या संगणकावर नीट बसतात का, हा पॅकेजिंगचा प्रश्न लायब्ररी लिहून झाल्यावर उपस्थित होतो आणि बहुधा वापरणाऱ्याच्याच माथी येतो. हे बदलायला हवे.

निव्वळ पायथनमधले पॅकेज सहसा कुठेही चालते. दोन भाषा जोडणाऱ्या पॅकेजचा एक भाग मात्र कंपाइल केलेला, म्हणजे आधीच यंत्रभाषेत रूपांतरित केलेला असल्यामुळे तो प्रोसेसर, ऑपरेटिंग सिस्टीम आणि बहुतेकदा पायथनची आवृत्ती यांच्याशी बांधलेला असतो. तयार 'व्हील', म्हणजे आधीच बांधलेली पॅकेजची फाइल, उपलब्ध नसेल, तर पॅकेजे बसवणारे 'पिप' हे साधन मूळ कोड उतरवून जागेवरच कंपाइल करू पाहते, आणि कंपायलर नसलेल्या विद्यार्थ्यासमोर त्रुटींच्या लांबलचक ओळी येऊन पडतात, ज्यांतून त्याला काहीही उमगत नाही.

व्हील दिले म्हणजे काम संपले, असेही नाही. लिनक्सवर ग्लिबसीच्या (तिथल्या मूलभूत सी लायब्ररीच्या) नव्या आवृत्तीवर बांधलेली फाइल जुन्या ग्लिबसीवर चालेलच असे नाही. जुन्यावर बांधलेली मात्र नव्यावर चालते. म्हणून अनेक लिनक्सवर चालणाऱ्या व्हील्सच्या 'मेनीलिनक्स' मानकांत मुद्दाम जुना पाया धरतात; 'मेनीलिनक्स २०१४'साठी तो ग्लिबसी २.१७ आहे. शिवाय व्हीलला लागणाऱ्या बाहेरच्या लायब्रऱ्या 'ऑडिटव्हील' हे साधन शोधून आतच भरते. लेखकाच्या यंत्रावर त्या आधीपासूनच असल्याने उणीव त्याला दिसत नाही. त्यामुळे कोऱ्या यंत्रावरची चाचणी मला सर्वांत मोलाची वाटते.

जून २०२४मध्ये आकडेमोडीच्या नमपाय या लायब्ररीची २.० आवृत्ती आली, तेव्हा आधीच्या १.एक्स आवृत्त्यांवर कंपाइल केलेली पॅकेजे इम्पोर्ट होतानाच कोलमडली. २.०वर बांधलेली व्हील्स मात्र १.एक्सच्या अलीकडच्या आवृत्त्यांवरही चालत होती; म्हणजे ज्यांनी वेळेत फेरबांधणी केली, त्यांच्या वापरकर्त्यांना झळ लागली नाही. पायथनची नवी आवृत्तीही आता दर ऑक्टोबरात येते, आणि तिच्यासाठीही सहसा नवे व्हील बांधावे लागते. रस्टच्या 'पायओथ्री'सारख्या साधनांत 'एबीआय३' हा पायथनचा स्थिर इंटरफेस निवडल्यास एकच व्हील पुढच्या आवृत्त्यांनाही पुरते. सी प्लस प्लससाठीच्या 'पायबाइंड ११'मध्ये ती सोय नाही, तेव्हा तिथे प्रत्येक आवृत्तीसाठी 'सीआयबिल्डव्हील' या स्वयंचलित बांधणीच्या साधनाने वेगळी बांधणी करण्याचे कष्ट घ्यावेच लागतात.

महाविद्यालयीन प्रकल्प तपासताना परीक्षकांनी व्हील कोऱ्या यंत्रावर बसवून पाहावे व त्याला स्वतंत्र गुण द्यावेत. तसेच अशा लायब्रऱ्यांना अर्थसाहाय्य देणाऱ्या संस्थांनी बांधणी आणि चाचणीचा खर्च मूळ अंदाजपत्रकातच धरावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला नम्र,
एक वाचक